रिकामा डब्बा कोन देते?

...नाई भाऊ, चहा नाई. कागद वाचा. तो काय शटरवर चिकटवला, लाल शिक्क्याचा... नाई हो, मयत-गियत काई नाई, सुट्टी बी नाई, हाटेल बंद हाय, म्हंजे मी नाई केलं, शासनानं केलं. माह्यासारख्या चहावाल्याचं शटर खाली ओढाले शासन खुद दोन-दोन गाड्या घेऊन आलं, म्हंजे पाहा माही इज्जत केवढी! बसा ना, उभे काऊन? बाकडं माहंच हाय, बाकड्यावर अजून कागद नाई चिकटवला. खामगावची यष्टी इतक्यात येत नाई, पिंपळगाव राजालेच उभी असंन, डायव्हर तिथी चहा पेत असंन. त्याले भेटते चहा. बसा, सांगतो. मी कलीम. गावाचं नाव नाई सांगत, गावाले बक्षीस भेटलं हाय, उगाच बदनामी नको.

तुमाले सांगतो, पन्नी काय चीज हाय ते शहरातल्या मानसाले नाई समजत. शहरात तिले क्यारीबॅग म्हन्तेत, आमच्या इथी पन्नी. माह्या बापाच्या टायमापासून आमी पन्नीत चहा बांधत आलो. असा गरम चहा वतायचा, तोंड पिळायचं, रबर मारायचं, का चालला चहा वावरात, चालला शाळेत, चालला पंचायतीच्या मीटिंगले. अन् ज्या मीटिंगमधी पन्नी बंद कराचा ठराव झाला ना, त्या मीटिंगचा चहा बी पन्नीतच गेला, माह्या हातानं गेला. तालुक्याहून आलेल्या सायेबानं सोताच्या दातानं रबर तोडलं, चहा पेला, "वा कलीमभाई, आलं काय मस्त घातलंय," म्हनला, अन् त्याच हातानं सही ठोकली. पन्नी बंद.

आता मी काई पन्नीचा वकील नाई. खराब चीज हाय, कबूल. आमच्या गावची नाली पाहा, नाली कुठी हाय अन् पन्नी कुठी हाय ते सापडत नाई. माह्या सासऱ्याची बकरी मेली मांगच्या साली, पोट फाडलं तं हा एवढा पन्नीचा गोळा, अन् गोळ्यात रबर. माहंच रबर. सासऱ्यानं माह्याकडे असं पाह्यलं, का मले वाटलं पोरगी वापस मांगते का काय हा मानूस. मंग? मी म्हनतो करा बंद. पन तुमी इकडे पाहा ना जरा, सरपंचाच्या किराण्यासमोर हे काय लटकून राह्यलं? माळच्या माळ! चिप्स, कुरकुरीत शेव, शांपूच्या पुड्या, सुपारीच्या पुड्या, दुधाच्या थैल्या. मी सायेबाले इचारलं, सायेब, ही नाई का पन्नी? सायेब म्हन्ते, तो पुन्याकडचा हाय, नाकातून बोलते, म्हन्ते, "हे बघा, ते पॅकेजिंग आहे. ती उत्पादकाची विस्तारित जबाबदारी आहे." म्हंजे समजलं का तुमाले? कंपनीनं भरली तं पाकीट, कलीमनं भरली तं पन्नी! मी म्हनलं, सायेब, मी बी उत्पादकच हाय, चहाचा. तं तो हसला. सरपंच बी हसला. सरपंच म्हंजे इंद्रभानभाऊ, किराणा त्याचाच, त्याले तं हसू येनारच.

नाई काकाजी, चहा नाई. कागद वाचा... चष्मा नाई? मंग बसा, मीच वाचून दाखवून राह्यलो.

तं पन्नी बंद केली, पन चहा कशात न्याचा? सायेबाजवळ उत्तर तयार. पंचायतीनं दोन पोते डब्बे आनले. स्टीलचे, झाकनाचे, असे चकचकीत का मानसाचं तोंड दिसाव. पोते आले सरळ माह्या हाटेलात, अन् वरून सायेबाचं भाषन. "आजपासून कुणी चहा नेला, भाजीचा रस्सा नेला, चटणी नेली, की डब्यातून न्यायची. दुसऱ्या दिवशी डबा परत. नेला, वापरला, परत केला. इतकं सोपं आहे! फक्त सवय बदलायची." असं चुटकी वाजवून म्हनला. मांगं बोर्ड लावला होता, प्लॅस्टिकमुक्त गाव, हा एवढा फ्लेक्सचा. फ्लेक्स कशाचा बनते ते मी नाई इचारलं, एका दिवशी किती इचाराव मानसानं.

अन् मंग मले बाजूले घेतलं. आता नीट आयका, इथंच माहा जीव अडकला हाय. हा गाळा पंचायतीचा. बापानं इथी तरटाची टपरी टाकली होती, मंग पंचायतीनं गाळे बांधले अन् एक बापाले देल्ला. ह्या गाळ्याबिगर माह्याजवळ काईच नाई. वावर नाई, नौकरी नाई, हातात कला म्हनान तं चहा, अन् चहाले लागते रोडची जागा. सायेब म्हन्ते, "कलीमभाई, तपासणी समिती येणार आहे. त्या दिवशी सगळे डबे इथं रिकामे, स्वच्छ, ओळीनं मांडलेले दिसले पाहिजेत. एक जरी कमी दिसला तर गाळ्याचा करार रद्द." मी म्हनलं, रद्द कशाले होईन सायेब, आपल्या गावची लोकं, डब्बे कुठी जातीन?

गेले ना. गेले ते गेलेच.

पयल्या दिवशी अर्धं पोतं गेलं, दुसऱ्या दिवशी एक पोतं, चार-पाच दिवसांत मांडनी साफ! चहा नेला, रस्सा नेला, आलूबोंड्याची चटनी नेली, डब्बा काई वापस येत नाई. मी रस्त्यानं जाऊन राह्यलो तं बाया पदर घेऊन दुसरीकडं पाह्यतेत. रुख्मिणी वहिनी, तिच्या घरी तं माहं उठनं-बसनं, तिच्या दाराशी उभा राह्यलो, वहिनी, डब्बा? "हाव ना भाऊ, उद्या." अन्नपूर्णाबाई, चार म्हशीवाली, म्हन्ते, "उद्या नक्की, कलीमभाऊ, उद्या." आलिमा, माही चुलत बहीन हो, सख्खं रगत, ते बी म्हन्ते, "भाईजान, कल." साऱ्या गावाचा एकच जबाब, उद्या. मले रातची झोप नाई. सायेबाचा फोन, "काय झालं डब्यांचं?" मी बी म्हनलं, उद्या. सायेब म्हन्ते, "मला माहीत होतं. लोकं चोर आहेत हो. फुकट मिळालं की गिळलं. यांना सुधारणं ब्रह्मदेवाला जमणार नाही." मी आयकून घेतलं. मले बी मनातून तसंच वाटू लागलं होतं ना.

मंग गेलो गोजरबाईच्या घरी. गोजरबाई म्हंजे एकटी म्हातारी, मजुरीले जाते, माह्या मायची मैतरीन. मायसंगं कापूस येचाले जायची, माय वारली तवा मयतीच्या घरी तीन दिवस भाकरी तिनंच आनल्या. आता तिच्या घरी डब्बा मांगाले जानं म्हंजे लाजच, पन गाळा जाऊन राह्यला, करतो काय? गेलो. पाह्यतो तं डब्बा समोरच, फळीवर पालथा घातलेला, राखेनं घासलेला, आनला होता त्यापेक्षा जास्त चमकून राह्यला. मी म्हनलं, मावशी, घासून ठेवला तं मंग देत काऊन नाई?

तिनं हात पदराले पुसले. मंग मान खाली घालून म्हन्ते, "देतो ना बापा. पन त्यात टाकू काय? कापसाची येचनी सरली, काम नाई. घरात काई आलं का आनून देतो. तुह्या घरी काय रिकामा डब्बा देऊ? तुही माय वरून काय म्हनंन मले?"

आता सांगा! माह्या टकुऱ्यात उजेड पडला, तो बी चारशे चाळीस व्होल्टचा. अरे, डब्बा रिकामा कोन देते? आपल्यात शेजारनीचा डब्बा कधी कोनी रिकामा देल्ला का? कायतरी टाकाव लागते, साखर टाका, शेंगदाने टाका, घरात केलेलं असंन ते टाका. अन् घरात काई नसंन तं डब्बा ठेवून घ्याव, उद्या म्हनाव. हे मले माहीत नव्हतं का? माहीत होतं! घरी येऊन शबानाले सांगतलं तं ते माही बायको हसू हसू पागल. "आज मालूम पड़ा तुमकू? ये देखो," म्हने, अन् फळीकडं बोट केलं. रुख्मिणी वहिनीचे दोन कटोरे, दिवाळीच्या फराळाचे, दिवाळीपासून आमच्याच फळीवर! "शीरखुर्मा बनेगा तब देऊँगी ना, खाली कैसे देऊँ?" म्हंजे साऱ्या गावाले चोर समजून राह्यलो होतो मी, अन् माह्याच घरात मुद्देमाल.

नाई ताई, चहा नाई. कागद वाचा. पोराले पानी पाजा तिथी नळावर.

मले वाटलं, सापडलं कारन, आता सायेबाले सांगू, सायेब शिकेल हाय, समजून घेईन. गेलो तालुक्याले, सांगतलं सारं. सायेबानं चष्मा काढला, पुसला, घातला. "म्हणजे लोक डबा परत करत नाहीत, कारण तो रिकामा आहे?" हाव सायेब. "पण तो रिकामाच परत करायचाय." हाव सायेब, पन रिकामा कसा देतीन? "अहो, रिकामा द्यायचा म्हणजे रिकामा द्यायचा! डबा भरलेला असावा की रिकामा, याचा शासन निर्णयात उल्लेखच नाही." अन् सरपंचाले फोन लावला, दवंडी द्या.

झाली ना दवंडी. ध्वनिक्षेपकावर. उद्या सकाळपर्यंत ज्यांचा डब्बा येनार नाई, त्यांचं नाव चौकातल्या फळ्यावर लिहिन्यात येईन हो! आता नाव फळ्यावर म्हंजे काय? आमच्या गावात मानूस कर्ज बुडवून उजळ माथ्यानं फिरते, पन डब्बाचोर म्हनून बाईचं नाव चौकात? दवंडी झाली अन् घराघरात चुली पेटल्या. बाया एकमेकीकडं वाटी घेऊन पयाल्या. सरपंचाच्या किराण्यातली साखर सपली, असा सनातला खप झाला.

दुसऱ्या दिवशी मी शटर वर केलं, तं काय सांगू तुमाले... पायरीवर डब्बे, बाकड्यावर डब्बे, ह्याच बाकड्यावर, तुमी बसले तिथी. सारे वापस, एक बी कमी नाई, अन् सारे भरेल! साखर, शेंगदाने, ज्वारीचं पीठ, लिंबाचं लोणचं, ठेचा, मुगाच्या वड्या. अन्नपूर्णाबाईनं तं दही लावून देल्लं, वर झाकनाले फडकं बांधून. आलिमानं खीर. अन् एका कोपऱ्यात गोजरबाईचा डब्बा. त्यात मूठभर हरभरे. सरव्याचे. सरवा समजते ना? वावरातला माल निघून गेला का मांगं जे सांडते, ते वाकून वाकून येचायचं. म्हातारी आदल्या दिवशी भर उन्हात लोकाच्या वावरात गेली, हरभरे येचले, निवडले, पाखडले, अन् शासनाच्या डब्ब्यात टाकून आनून ठेवले. मले ना, खरं सांगतो, भरून आलं. म्हनलं, या गावाले कोन चोर म्हन्ते, आना त्याले इकडे.

आला ना तो! समितीच्या आंदी आला, पाहनी कराले. एक झाकन उघडलं, दुसरं उघडलं, लोणच्यात बोट बुडालं. "हे काय आहे? कलीमभाई, हे काय आहे?" डब्बे हायत सायेब, सारे आले. "अहो, पण भरलेले कसे? समितीला रिकामे, स्वच्छ डबे दाखवायचेत! फोटोत दह्याचा डबा दिसला तर काय वाटेल त्यांना? डबे वापरलेले दिसता कामा नयेत!" मी म्हनलं, सायेब, वापराचेच होते ना ते? "वाद नको, अर्ध्या तासात समिती येतेय, रिकामे करा!" कशात करू? माह्याजवळ एक गंज, दोन पातेले. गंजात साखर गेली, एका पातेल्यात पीठ गेलं, दुसऱ्यात शेंगदाने. आता लोणच्यावर खीर टाकू, का खिरीत ठेचा टाकू? "कशातही करा हो, पण करा!" असा थयथय नाचून राह्यला. तितक्यात सरपंच सोताच्या किराण्यात घुसला, साखरेच्या पोत्यामांगं हात घातला, अन् काय काढलं असंन?

पन्नी. गड्डाच्या गड्डा! नवीकोरी, करकर वाजनारी. मले तं जुना दोस्त भेटल्यावानी झालं. सायेबानं पाह्यली, इकडं-तिकडं पाह्यलं, अन् म्हन्ते, "लवकर." तुमाले खोटं वाटंन, पन्नीचं तोंड सायेबानं सोता धरलं, दोन्ही हातानं फाकवून धरलं, अन् मी वततो. खीर वतली, रबर. ठेचा वतला, रबर. दही वतलं, रबर. हात अजून भुलला नव्हता हो, सराईतच. शेवटी गोजरबाईचे हरभरे. ते मी नाई टाकत म्हनलं, खिशात घालतो. "खिशात काय, वेळ आहे का," म्हनून सायेबानंच डब्बा उपडा केला.

अन् समितीची गाडी आली.

मॅडम उतरल्या. आता देखावा पाहा. वर बोर्ड, प्लॅस्टिकमुक्त गाव. खाली कलीम, या हातात खिरीची पन्नी, त्या हातात ठेच्याची पन्नी, पायाशी पन्न्यांचा ढीग. सायेब कुठी? सायेब चार पावलं मांगं, हात पाठीशी, चेहरा असा का मयतीले आला. सरपंच तं सोताच्याच किराण्यात गिऱ्हाईक झाला. मॅडम म्हन्तेत, "हे काय चाललंय?" अन् सायेबाचा आवाज, नाकातून, "मॅडम, हीच आमची अडचण आहे. आम्ही डबे दिले, जनजागृती केली, दवंडी दिली. पण ही माणसं, काय सांगू, सवय बदलायलाच तयार नाहीत." मी सायेबाकडं पाह्यलं. त्याच्या बोटाले लोणचं लागलं होतं अजून. मी सांगनार होतो. तोंड उघडलं बी होतं. पन मॅडम म्हनल्या, "कॅरीबॅग कुणाच्या हातात आहे?" तं माह्याच होती ना.

पंचनामा झाला. खीर, दही, ठेचा, लोणचं, हरभरे, सारं जप्त. पुरावा म्हने. अन् त्या साऱ्या पन्न्या कशात भरल्या असतीन? एका मोठ्ठ्या, जाड, सरकारी पन्नीत! मी इचारलं, सायेब, ही? म्हन्ते, "ही पुराव्याची पिशवी आहे." शटर खाली, कागद चिकटवला, त्याच्यासंगं फोटो काढला. अन् आता बक्षिसाचं आयका. गावाले तालुक्यात नंबर भेटला. कशाबद्दल? प्लॅस्टिक बंदीची कडक अंमलबजावनी! दुसऱ्या कोन्या गावानं म्हने एक बी गाळा सील नव्हता केला. सरपंचाले शाल, नारळ. शाल पन्नीत होती, जाऊ द्या. पेपरात माह्या शटरचा फोटो. शबानानं कापून ठेवला, म्हन्ते, "तुम्हारा तो आया नहीं कभी, शटरका तो आया." डब्बे आता पंचायतीच्या कपाटात हायत. रिकामे, स्वच्छ, ओळीनं. कुलूप लावलं हाय.

नाई भाऊ, चहा नाई. कागद... अन् लईच तलफ आली असंन तं किराण्याच्या मांगच्या दारानं जा. भेटते. पन्नीत भेटते.

गोजरबाई आली ना मंग, सील लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, शटर पाह्यत उभी राह्यली. तिले जप्ती-बिप्ती काई समजलं नव्हतं. मले इचारते, "कलीम, हरभरे बरे होते काय रे? कीड तं नव्हती ना?" आता काय सांगू त्या म्हातारीले, का तुहे हरभरे तालुक्याच्या कपाटात पुरावा म्हनून बसले हायत? मी म्हनलं, नाई मावशी, ग्वाड होते, शबानानं उसळ केली, आमच्या पोरीनं दोनदा घेतली. ते खूश झाली. तिच्या तोंडाकडं पाह्यवलं नाई मले.

अन् चार दिवसांनी पाठवला ना तिनं डब्बा. शासनाचा नाई, तिचा सोताचा, एकच हाय तिच्याजवळ, पितळी, बुडाले टिंबाटिंबानं तिच्या मायचं नाव कोरेल. हाटेल बंद हाय, पोरीनं काय खाल्लं असंन, म्हून अंबाडीची भाजी अन् वर दोन भाकरी. खाल्ली आमी. लई ग्वाड लागली. शबानानं डब्बा घासला, पुसला, अन् फळीवर पालथा घातला. रुख्मिणी वहिनीच्या कटोऱ्याच्या बाजूले. रोज पाह्यतो त्याच्याकडं. साखरेचा डब्बा उघडून पाह्यतो, तो बी रिकामा. गोजरबाई रोज इथूनच जाते, याच बाकड्यासमोरून. काई मांगत नाई, काई इचारत नाई. मीच दुसरीकडं पाह्यतो, त्या बायाईनं पाह्यलं तसं.

हे आली पाहा तुमची यष्टी. जा, जागा धरा. अन् उतरनीवर एक म्हातारी भेटंन, डोक्यावर काड्याचा भारा, हात करंन तं डायव्हरले गाडी थांबवाले सांगा. ते गोजरबाई. तिले म्हनाव, कलीमनं डब्बा घासून ठेवला हाय. उद्या आनून देतो.